दोन कागद, दोन उत्तरं: मायक्रोकंट्रोलरच्या पिनांची परस्परविरोधी माहिती कशी सोडवायची

एटीमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप (प्रोग्राम चालवणारा छोटा संगणक) घेऊन पहिलंच सर्किट काढताना एसपीआयचा (चिपांनी आपसात डेटा पाठवायच्या एका पद्धतीचा) क्लॉक कोणत्या पिनवर आहे, एवढं साधं उत्तर हवं असतं. अर्दुइनो ऊनो या त्याच चिपच्या बोर्डाची माहिती सांगते १३. डेटाशीटमधल्या (निर्मात्याच्या अधिकृत माहितीपत्रकातल्या) एका आकृतीत तो १९ व्या पायावर दिसतो आणि त्याच पानावरच्या दुसऱ्या आकृतीत १७ व्या. नवा माणूस इथेच गोंधळतो आणि तिघांपैकी एक चूक असणार असं धरून चालतो. पण तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. १३ हा अर्दुइनो बोर्डाने दिलेला नंबर आहे, १९ हा दोन्ही बाजूंना पाय असलेल्या २८ पायांच्या डीआयपी पॅकेजमधला (चिपच्या बाहेरच्या आवरणाच्या एका प्रकारातला) पाय आहे, आणि १७ हा चारही बाजूंना पाय असलेल्या ३२ पायांच्या टीक्यूएफपीमधला. चिपच्या आतली जागा मात्र एकच आहे: पीबी ५, म्हणजे बी नावाच्या पोर्टमधली (पिनांच्या गटातली) ५ क्रमांकाची पिन.

माझं ठाम मत असं, की पिनांच्या माहितीत जी भांडणं दिसतात त्यातली बहुतेक खरी भांडणं नसतातच. दोन कागद दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात आणि आपण ते एकाच गोष्टीबद्दल आहेत असं समजून वाचतो. म्हणून कोण खरं हा प्रश्न नंतरचा. कोणता कागद नेमका कशाबद्दल बोलतोय, हे आधी ठरवायचं. खाली दिलेला क्रम त्याच हिशोबाने लावला आहे. सुरुवातीच्या पायऱ्या फुकटच्या आहेत, त्यांना फक्त वाचन लागतं. सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायची वेळ बरीच उशिरा येते.

पायरी १: विसंगती एका ओळीत लिहून काढा

"पिन जुळत नाहीत" ही तक्रार झाली, तिच्यावर काम करता येत नाही. वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक दाव्याची एक ओळ करा. दावा काय, कोणत्या कागदातला, त्या कागदाची आवृत्ती आणि तारीख कोणती, पान किंवा तक्ता कोणता, चिपचं किंवा बोर्डाचं कोणतं नाव त्या पानावर छापलंय आणि नंबर कोणत्या पद्धतीचा आहे. उदाहरणार्थ, आय२सी या दोन तारांच्या संवादपद्धतीबद्दल: "आय२सी १ चा क्लॉक पीबी ६ वर, चिपच्या डेटाशीटमधला पिनांचा तक्ता, ४८ पायांचा रकाना." त्याखाली दुसरी ओळ: "आय२सी १ चा क्लॉक पीबी ८ वर, एका लायब्ररीतलं उदाहरण, चिपचं पूर्ण नाव दिलेलं नाही."

एवढं लिहितानाच अनेकदा उलगडा होतो, कारण एखाद्या ओळीतला रकाना रिकामा राहतो. ज्या दाव्याला आवृत्ती नाही, पॅकेज नाही, चिपचं पूर्ण नावही नाही, तो दावा अजून साक्षीदार म्हणून उभा राहायच्या लायकीचा झालेला नाही.

पायरी २: चिपवर छापलेलं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा

नवखे लोक "एसटीएम३२एफ१०३" इथे थांबतात. पण एसटीएम३२एफ१०३सी८टी६ या नावातलं "सी" ४८ पाय सांगतं, "८" म्हणजे ६४ किलोबाइट फ्लॅश, "टी" म्हणजे एलक्यूएफपी पॅकेज आणि शेवटचा "६" तापमानाची मर्यादा. "सी" च्या जागी "आर" आलं की पाय ६४ होतात. ४८ पायांच्या चिपवर पीए ० हा १० वा पाय आहे, ६४ पायांच्यावर तोच १४ वा. डेटाशीट एकच, तक्ताही एकच, फक्त रकाना वेगळा. पीडीएफ झूम करून वाचताना रकान्याचं शीर्षक पडद्याबाहेर जातं आणि नजर शेजारच्या रकान्यात घसरते. तक्ता वाचताना शीर्षकाची ओळ समोर ठेवा, किंवा आपल्या पॅकेजचा रकाना रंगवून ठेवा. गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सर्किट बोर्ड वाया जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

पॅकेज बदललं की केवळ नंबरच बदलतात असं नाही, काही पिना नाहीशाही होतात. एटीमेगा३२८पीच्या ३२ पायांच्या पॅकेजमध्ये १९ आणि २२ या पायांवर एडीसी ६ आणि एडीसी ७ (अ‍ॅनालॉग व्होल्टेज मोजणाऱ्या पिना) आहेत. २८ पायांच्या डीआयपीमध्ये ते बाहेर काढलेलेच नाहीत. अर्दुइनो नॅनोवर ए ६ आणि ए ७ दिसतात आणि डीआयपी चिप लावलेल्या ऊनोवर दिसत नाहीत, ते याचमुळे. शिवाय या दोन पिना फक्त अ‍ॅनालॉग वाचनासाठी आहेत, त्यांवरून एलईडी पेटवता येत नाही.

याहून धोक्याची जागा म्हणजे "पिन-कंपॅटिबल" हा शब्द. एसटीएम३२एफ१०३ आणि एसटीएम३२एफ४०५ या दोन्ही चिपा ६४ पायांच्या एकाच आकारात मिळतात आणि बहुतांश पाय जुळतातही. पण ३१ आणि ४७ हे पाय एफ१०३ मध्ये ग्राउंडचे आहेत, तर एफ४०५ मध्ये तेच पाय आतल्या व्होल्टेज रेग्युलेटरच्या कपॅसिटरसाठी राखलेले आहेत. तिथे ग्राउंड जोडलं तर चिपचा गाभा ज्या आतल्या पुरवठ्यावर चालतो तोच ग्राउंडला शॉर्ट होतो. म्हणून एका चिपचा बोर्ड दुसरीसाठी वापरायचा असेल तर फक्त सिग्नलच्या पिना पाहू नका. पुरवठा, ग्राउंड, रीसेट आणि बूटचे (चिप कशी सुरू व्हायची ते ठरवणारे) पाय एकेक करून ताडा.

पायरी ३: नंबर कोणाचा, ते ठरवा

एका तारेला चार-पाच नावं असू शकतात: चिपचा पाय, चिपच्या आतल्या पोर्टचं नाव, चिप ज्या मॉड्यूलमध्ये बसवली आहे त्याचा पाय, बोर्डावर छापलेलं नाव आणि प्रोग्राममध्ये लिहायचा नंबर. घराचा क्रमांक, सर्व्हे नंबर आणि लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांक एकाच घराचे असूनही एकमेकांशी जुळत नाहीत, तसंच हे.

रास्पबेरी पाय पिकोवर जीपी २६ ही पिन बोर्डाच्या ३१ व्या पायावर येते आणि खुद्द आरपी२०४० चिपच्या ३८ व्या पायावर. प्रोग्राममध्ये २६ लिहायचं, जम्पर वायर ३१ मध्ये खोचायची, आणि स्वतःचा बोर्ड काढताना ३८ ला ट्रॅक जोडायचा. ईएसपी८२६६ च्या नोडएमसीयू बोर्डावर डी १ म्हणजे जीपीआयओ ५ आणि डी २ म्हणजे जीपीआयओ ४ (जीपीआयओ हे चिपच्या सर्वसाधारण इनपुट-आउटपुट पिनांचं नाव). प्रोग्राममध्ये नुसतं ५ लिहिलं तर ते डी ५ कडे जात नाही, डी १ कडे जातं. डी ५ हा प्रत्यक्षात जीपीआयओ १४ आहे.

बोर्डाचं नाव सारखं असलं तरी खात्री नाही. पिकोवरचा एलईडी जीपी २५ वर आहे, पण पिको डब्ल्यूवर तो वायरलेस चिपच्या पिनवर गेलाय, त्यामुळे पिकोचा प्रोग्राम तिथे एलईडी पेटवत नाही. अर्दुइनो ऊनोवर एसपीआयचा क्लॉक १३ वर, मेगावर ५२ वर. म्हणून "अर्दुइनोवर क्लॉक १३ ला असतो" हे वाक्य कोणी सांगितलं तर लगेच विचारा: कोणत्या अर्दुइनोवर?

यातून मी एक सवय लावून घ्यायला सांगेन. स्किमॅटिकमध्ये (सर्किटच्या नकाशात) आणि टिपणांमध्ये कायम पोर्टचं नाव लिहा: पीबी ५, जीपीआयओ १४, पीए ०. ते चिपच्या आतलं नाव आहे. पॅकेज किंवा बोर्ड बदलला, चिप मॉड्यूलमध्ये गेली, तरी ते नाव तेच राहतं. बाकीचे नंबर त्याच्या शेजारी रकान्यात राहू द्या.

पायरी ४: प्रश्न पाहून कागद निवडा

कोणता कागद सर्वात मोठा, याचं एक उत्तर नाही. प्रश्न कशाबद्दल आहे त्यावर ते ठरतं.

पायाचा नंबर, पॅकेजचं माप, पिन किती व्होल्टेज सहन करते, कोणत्या पिनवर कोणतं काम येऊ शकतं: हे चिपच्या डेटाशीटमधून घ्या. तेच काम चालू करायला कोणत्या रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या सेटिंगच्या जागेत) काय लिहायचं ते रेफरन्स मॅन्युअलमधून. रेफरन्स मॅन्युअल साधारणपणे पूर्ण कुटुंबासाठी लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यात वर्णन केलेलं पोर्ट तुमच्या पॅकेजला नसणं अगदी शक्य आहे. यात विसंगती काही नाही. मॅन्युअल सगळ्या भावंडांबद्दल बोलतंय, डेटाशीट तुमच्या चिपबद्दल.

चिप मॉड्यूलमध्ये असेल तर मॉड्यूलचं डेटाशीट चिपच्या डेटाशीटच्या वर. ईएसपी३२ चिपला जीपीआयओ ६ ते ११ आहेत, हे चिपचं डेटाशीट सांगतं. वरूम-३२ मॉड्यूलमध्ये त्याच पिना आतल्या फ्लॅश मेमरीला जोडलेल्या आहेत, तुम्ही त्यांना हात लावायचा नाही. जीपीआयओ १६ आणि १७ वरूमवर मोकळ्या असतात, पण पीएसरॅम (जादा मेमरी) असलेल्या रोव्हर मॉड्यूलवर त्या मेमरीच्या कामाला लागतात. वरूमसाठी केलेलं डिझाइन जास्त मेमरी हवी म्हणून रोव्हरवर नेलं आणि १७ वर एखादा सेन्सर लावलेला असला, की गाडं तिथेच अडतं.

बोर्डावर कोणती पिन कुठे जाते याचा अंतिम शब्द त्या बोर्डाच्या स्किमॅटिकचा, आणि तेही तुमच्या हातातल्या बोर्डावर छापलेल्या आवृत्तीच्या स्किमॅटिकचा. रंगीत पिनआउट चित्रं पाहायला सोयीची असतात, भिंतीवर लावायलाही छान दिसतात. पण त्यांच्यावरून बोर्ड काढू नये. बहुतेक चित्रांवर आवृत्ती नसते, अटी तर कधीच नसतात. प्रोग्राममधला नंबर कुठे जातो याचं उत्तर मात्र चित्रात नाही आणि स्किमॅटिकमध्येही नाही. ते त्या बोर्डासाठीच्या सॉफ्टवेअर पॅकेजमधल्या पिनांच्या फाइलमध्ये आहे. ती फाइल उघडून वाचा, लहान असते.

आणि या सगळ्यांवर इरॅटा, म्हणजे निर्मात्याने जाहीर केलेली चिपच्या दोषांची यादी. डेटाशीट सांगतं चिप कशी वागायला हवी होती, इरॅटा सांगतो ती प्रत्यक्षात कशी वागते. अलीकडचं ठळक उदाहरण आरपी२३५० या चिपचं आहे. त्याच्या ए २ आवृत्तीत ई ९ या क्रमांकाचा दोष नोंदवलेला आहे: इनपुट चालू असताना पिन काही परिस्थितीत करंट गळवते आणि आतला पुल-डाउन (पिनेला ग्राउंडकडे खेचणारा रेझिस्टर) तिला पूर्ण खाली खेचू शकत नाही, ती मधल्याच व्होल्टेजवर अडकते. उपाय म्हणून बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी मूल्याचा पुल-डाउन लावायला सांगितलंय. नंतरच्या आवृत्तीत हा दोष दुरुस्त झाला. म्हणजे डेटाशीट वाचून "आतला पुल-डाउन पुरतो" म्हणणारा आणि "पुरत नाही" म्हणणारा दोघंही आपापल्या चिपबद्दल खरं बोलत असू शकतात. इरॅटा उघडताना चिपची सिलिकॉन आवृत्ती शोधून मगच वाचा. ती पॅकेजवरच्या छपाईत असते किंवा ओळख सांगणाऱ्या रजिस्टरमधून वाचता येते.

एकाच डेटाशीटच्या दोन आवृत्त्यांत फरक दिसला तर शेवटच्या पानांवरचा बदलांचा इतिहास पाहा. "तक्त्यातील पिन क्रमांक दुरुस्त" अशी ओळ तिथे सापडली की वाद संपला. शोधयंत्रातून मिळणारं डेटाशीट पुष्कळदा दहा वर्षांपूर्वीचं असतं. निर्मात्याच्या स्वतःच्या पानावरूनच उतरवून घ्या.

पायरी ५: तळटिपा आणि अटी

मला विचाराल तर खरी मेहनत या पायरीत आहे. पिनांच्या तक्त्यात नावाच्या वर जो बारीक आकडा असतो, त्याची तळटीप दोन-तीन पानं पुढे असते आणि पुष्कळजण तिथपर्यंत जातच नाहीत.

एसटीएम३२एफ१०३ च्या पीसी १३, पीसी १४ आणि पीसी १५ या पिना तक्त्यात इतरांसारख्याच आउटपुट दिसतात. तळटीप सांगते की त्यांना पुरवठा एका मर्यादित स्विचमधून मिळतो, ३ मिलिअँपिअरपुरतीच ताकद आहे, वेग २ मेगाहर्ट्झच्या आत ठेवा, आणि एलईडीला करंट पुरवण्यासाठी त्या वापरू नका. याच चिपच्या ब्लू पिल बोर्डावर पीसी १३ ला एलईडी आहे, पण तो उलटा जोडलेला: पिन खाली गेली की पेटतो. दोन्ही कागद खरे, पण तळटीप न वाचता पाहिलं तर विसंगती वाटते.

त्याच तक्त्यात "एफटी" हा रकाना आहे, म्हणजे ५ व्होल्ट सहन करणारी पिन. पीबी ६ आणि पीबी ७ पुढे ही खूण आहे, शेजारच्या पीबी ५ पुढे नाही. "एसटीएम३२ ला ५ व्होल्ट चालतात" आणि "चालत नाहीत" ही दोन्ही सर्वसाधारण विधानं म्हणून निरुपयोगी आहेत. पिनेचं नाव घेऊनच विचारावं लागतं.

मग ते आय२सीचं कोडं. पीबी ६ की पीबी ८? एफ१०३ मध्ये आय२सी १ मुळात पीबी ६ आणि पीबी ७ वर आहे. रीमॅपचा (काम दुसऱ्या पिनांवर हलवणारा) बिट लावला की ती जोडी पीबी ८ आणि पीबी ९ वर जाते. जोडी मिळूनच हलते. क्लॉक पीबी ६ वर आणि डेटा पीबी ९ वर असं मिश्रण या कुटुंबात जमत नाही. एसटीएम३२एफ४ मध्ये प्रत्येक पिनेचं काम स्वतंत्र निवडता येतं, तिथे ते जमतं. एफ४ वर चाललेलं उदाहरण एफ१ वर का चालत नाही, याचं उत्तर इथे सापडतं.

वेळेची अट तर फारच फसवी. पिन रीसेटच्या क्षणी काय असते आणि प्रोग्राम सुरू झाल्यावर काय असते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एफ१०३ मध्ये पीए १५, पीबी ३ आणि पीबी ४ रीसेटनंतर जेटॅग डिबगिंगच्या (चिपमध्ये डोकावून चुका शोधायच्या) कामात असतात. ते बंद केल्याशिवाय तिथे साधा आउटपुट मिळत नाही, आणि नवशिक्याला वाटतं पिनच मेली. ईएसपी३२ ची जीपीआयओ १२ पिन चालू होताना वर खेचलेली असली तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट द्यायचे असं समजते, आणि ३.३ व्होल्टच्या फ्लॅशचं मॉड्यूल सुरूच होत नाही. एकदा सुरू झालं की तीच पिन आउटपुट म्हणून खुशाल वापरता येते. ईएसपी८२६६ ला सुरू होताना जीपीआयओ ० आणि २ वर खेचलेल्या आणि जीपीआयओ १५ खाली खेचलेली लागते. "ही पिन वापरू नका" आणि "मी तर वापरतोय, काही होत नाही" या वादात बहुधा दोघांच्या बोर्डावर सुरुवातीच्या क्षणी वेगळी स्थिती असते.

तिसरी अट सोबतीची. ईएसपी३२ चा एडीसी २ वाय-फाय चालू असताना वाचनाला भरवशाचा नाही, त्यामुळे वाय-फाय वापरणार असाल तर अ‍ॅनालॉग सेन्सर एडीसी १ च्या पिनांवर घ्या. जीपीआयओ ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुल-अप नाही; बटण लावायचं तर रेझिस्टर बाहेरून.

पायरी ६: स्वतंत्र साक्षीदार शोधा

इतकं करूनही दोन अधिकृत कागद खरोखरच एकमेकांविरुद्ध जात असतील, तर तिसरा साक्षीदार लागतो. तो स्वतंत्र असला पाहिजे. एकाच चुकीच्या चित्राच्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षीदार होत नाहीत. सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमधला तयार सिम्बॉलही साक्षीदार नव्हे: तो कोणीतरी त्याच डेटाशीटवरून बनवलेला असतो, कदाचित त्याच चुकीच्या तक्त्यावरून.

चांगले साक्षीदार म्हणजे यंत्राने वाचायच्या फाइली. बाउंडरी स्कॅन (पिना यंत्राने तपासायची सोय) असलेल्या चिपांसाठी निर्माते बीएसडीएल फाइल देतात. तिच्यात पॅकेजचे पाय आणि पिनांची नावं यांची जोडणी असते, आणि कारखान्यांत चाचणीसाठी ती खरोखर वापरली जाते म्हणून तिच्यातली चूक लवकर पकडली जाते. निर्मात्याचं पिन मांडणीचं सॉफ्टवेअर हा दुसरा. एसटीएम३२ साठी क्यूबएमएक्स आहे. त्यात चिपचं पूर्ण नाव निवडलं की त्याच पॅकेजच्या पिना दिसतात आणि दोन कामं एकाच पिनवर आली तर ते लगेच दाखवतं. तिसरा, निर्मात्याच्याच डेव्हलपमेंट बोर्डाचं स्किमॅटिक. तो बोर्ड तयार होऊन चालतोय, त्यामुळे त्यातली पुरवठ्याची आणि बूटची जोडणी प्रत्यक्षात तपासली गेलेली असते.

पायरी ७: चिपलाच विचारा

आता हत्यारं काढा. पुरवठा बंद ठेवून मल्टीमीटरच्या कंटिन्युइटीवर बोर्डाच्या हेडरपासून चिपच्या पायापर्यंत ट्रॅक तपासा. छापलेलं नाव चुकलं असेल तर इथेच कळतं. ईएसपी-१२ च्या काही मॉड्यूलांवर आणि अ‍ॅडॅप्टर पट्ट्यांवर ४ आणि ५ ही नावं अदलाबदल होऊन छापली गेली होती, आणि आय२सी नेमकी याच दोन पिनांवर लावायची पद्धत असल्याने घोळ वाढला. बीप फक्त जवळपास शून्य ओहमलाच खरा माना. चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमुळे मीटर अधलंमधलं काहीतरी दाखवतो, ती जोडणी नव्हे.

त्यानंतर छोटा प्रोग्राम. मला सर्वात आवडणारी युक्ती अशी: प्रत्येक मोकळ्या पिनेवर त्या पिनेचंच नाव सीरियल स्वरूपात, ९६०० बॉडच्या वेगाने, सॉफ्टवेअरमधून पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं. यूएसबी-सीरियल अ‍ॅडॅप्टरचं ग्राउंड बोर्डाला जोडा, त्याच्या आरएक्स (डेटा घेणाऱ्या) तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि तार एकेका पायाला टेकवत जा. ज्या पायाला टेकवाल त्याचं नाव पडद्यावर उमटतं. अ‍ॅडॅप्टर बोर्डाच्याच व्होल्टेजचा हवा. तेवढं जमवायचं नसेल तर प्रत्येक पिनेला वेगळ्या संख्येने लुकलुकवा आणि एलईडी व रेझिस्टर घेऊन मोजा. पुरवठा, रीसेट, क्रिस्टल, फ्लॅश आणि डिबगच्या पिना या खेळातून वगळा, आणि बोर्डावर ज्या पिनेला दुसऱ्या चिपचा आउटपुट जोडलेला आहे ती तर नक्कीच.

बूटशी संबंधित पिना तपासताना रीसेटचं बटण पुरेसं नाही. पुरवठा पूर्ण काढून पुन्हा द्या, कारण काही स्थिती पुरवठा येतानाच वाचल्या जातात. आणि शक्य असेल तर हीच चाचणी दुसऱ्या बोर्डावरही करा.

एक मर्यादा मात्र कधीही ओलांडू नका. जोडणीचा वाद चाचणीने सुटतो, सहनशक्तीचा सुटत नाही. एटीमेगा३२८पीच्या पिनेतून किती करंट घ्यायचा? त्याच डेटाशीटमध्ये ४० मिलिअँपिअरही सापडतं आणि २० ही. ४० ही कमाल मर्यादा आहे, जिच्या पलीकडे चिप कायमची बिघडू शकते. २० वर आउटपुटचं व्होल्टेज किती राहील याची हमी दिलेली आहे. शिवाय पुरवठ्याच्या पायांसाठी २०० मिलिअँपिअरची वेगळी मर्यादा आहेच. डिझाइन २० धरून करायचं. "३५ घेऊन पाहिलं, चाललं" हा पुरावा नाही. चिप आज चालेल आणि सहा महिन्यांनी उन्हाळ्यात बसेल. व्होल्टेज, करंट आणि तापमान यांबाबत दोन कागदांत फरक असेल तर जो आकडा जास्त कडक तोच धरा.

पायरी ८: राहिलेली शंका बोर्डावर मोकळी ठेवा

कधीकधी वेळ नसतो, निर्मात्याचं उत्तर आलेलं नसतं आणि बोर्ड छापायला पाठवायचा असतो. पहिला पर्याय सर्वात सोपा: सिग्नल वादात नसलेल्या पिनेवर हलवा. पिना शिल्लक असतील तर यात काहीच तोटा नाही. ते शक्य नसेल तर दोन्ही संभाव्य पिनांकडे ट्रॅक न्या आणि प्रत्येकात शून्य ओहमच्या रेझिस्टरची जागा ठेवा, एकच भरा. ट्रॅक लांब असेल आणि सिग्नल वेगवान असेल, तर न भरलेली शाखा छोटी ठेवा. वादातल्या प्रत्येक पिनेला टेस्ट पॉइंट द्या. क्यूएफएनसारख्या पॅकेजमध्ये पाय चिपच्या पोटाखाली असतात, नंतर तार सोल्डर करायला जागाच मिळत नाही, म्हणून तिथे हे टाळू नका.

सीरियल पोर्टची टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) ही नावं कोणाच्या बाजूने लिहिली आहेत, यावर जगभर बोर्ड चुकतात. काही मॉड्यूलवर "टीएक्स" म्हणजे मॉड्यूल बोलतं, काहींवर "इथे तुमची टीएक्स जोडा". स्किमॅटिकमध्ये नुसतं टीएक्स लिहूच नका. "एमसीयूकडून जीपीएसकडे" (एमसीयू म्हणजे मायक्रोकंट्रोलर) असं दिशा सांगणारं नाव तारेला द्या. दोन शून्य ओहमचे रेझिस्टर असे मांडा, की ते आडवे बसवले तर सरळ आणि उभे बसवले तर उलट जोडणी होईल. एसपीआयला मात्र ही भीती कमी, कारण मोसी (मास्टरकडून बाहेर) आणि मिसो (मास्टरकडे आत) या नावांतच दिशा आहे. एसडीआय आणि एसडीओ लिहिलेलं असेल तर पुन्हा तोच प्रश्न विचारा: कोणाचं?

पायरी ९: निकाल नोंदवा आणि निर्मात्याला कळवा

पायरी १ मधला तक्ताच आता प्रकल्पाची पिनांची नोंद बनवा. प्रत्येक पिनेला पोर्टचं नाव, पॅकेजचा पाय, सिग्नल, दिशा, रीसेटच्या वेळची स्थिती, आणि शेवटचा रकाना "कशावरून ठरवलं". त्या रकान्यात "डेटाशीट, आवृत्ती अमुक, तक्ता तमुक" किंवा "मल्टीमीटरने तपासलं" असं स्पष्ट लिहा. स्किमॅटिक आणि प्रोग्राम दोन्ही याच तक्त्यावरून बनवा. हा तक्ता सोर्स कोडबरोबर एकाच ठिकाणी ठेवा, म्हणजे पिन बदलली की बदल कोणी आणि का केला ते दिसतं.

अधिकृत कागदातच चूक सापडली असेल तर निर्मात्याच्या सपोर्ट विभागाला लिहा. चिपचं पूर्ण नाव, पॅकेजवरची सगळी छपाई, दोन्ही कागदांची नावं, आवृत्त्या आणि पानं, काय अपेक्षित होतं, काय मोजलं, आणि एकच नेमका प्रश्न: "या पॅकेजमध्ये अमुक पायावर पीबी ८ आहे की पीबी ९?" असा प्रश्न पुढे पाठवणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही, म्हणून त्याचं उत्तर लवकर येतं. मोघम प्रश्नाला "कृपया डेटाशीट पाहावे" एवढंच उत्तर मिळतं. उत्तर आलं की ते तारखेसह तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात टाका, आणि डेटाशीटची नवी आवृत्ती निघाली की बदलांच्या इतिहासात आधी याच ओळी शोधा.